लाल गाडीचे रूळ

गेल्या शनिवारी आर्टेशियाला किराणा आणायला गेलो होतो. लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या देशी मंडळींना आर्टेशिया म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: शहराच्या आग्नेयेला तीसएक किलोमीटरवर पायोनिअर बुलेवार्ड नावाचा रस्ता आहे. त्याच्या जेमतेम अर्ध्या मैलात साड्या, सोनं, चाट, कढीपत्ता, आमरसाचे डबे आणि भाकरवडी हे सगळं मिळतं. एकच गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे पार्किंग.

तर त्या पार्किंगच्या शोधात तीन चकरा मारून झाल्या. चौथ्या चकरेला कंटाळून गाडी जरा जास्तच दक्षिणेला नेली. तिथे रस्त्याला तिरपा छेद देऊन जाणारी एक मोकळी पट्टी दिसली. दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं खेटून उभी, आणि मधूनच ही मातीची, गवताची लांबलचक रिकामी जागा. अशा शहरात, जिथे हातभर जमिनीसाठी लोक कोर्टात जातात, तिथे एवढी जागा मोकळी कशी?

मला उत्तर माहीत होतं. इथून एके काळी लाल रंगाची विजेची गाडी जायची. पण ते उत्तर मला कसं कळलं ती गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची आहे, माझ्याकडे गाडी नव्हती तेव्हाची. ती सांगायचं किती दिवस मनात होतं. आज मुहूर्त लागला.

२००३च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला इथे आलो. विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया. आमच्यातले बहुतेक जण कॅम्पसच्या उत्तरेला, चालत जाता येईल अशा गल्ल्यांत, एका खोलीत तिघे-चौघे करून राहायचे. मला भाडं आणखी कमी हवं होतं, म्हणून मी व्हर्मांट अ‍ॅव्हेन्यूवर वर पाच किलोमीटरवर, विल्शर बुलेवार्डजवळ, कोरियन वस्तीत एक जागा धरली. मी मूळचा डोंबिवलीचा. चार वर्षं सकाळी ७च्या गर्दीत लोकलला लटकून माटुंग्याला कॉलेजला गेलेल्या माणसाला पाच किलोमीटरचं काय कौतुक?

सीनियर मंडळींनी विमानतळावरून घरी आणतानाच सांगितलं होतं, "इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत." मी हसण्यावारी नेलं. पहिल्या पंधरा दिवसांत हसू गेलं. बँक एकीकडे, सोशल सिक्युरिटीचं ऑफिस दुसरीकडे, स्वस्त भाजी तिसरीकडे. या सगळ्यांच्या मध्ये सहा-सहा लेनचे रस्ते आणि चालणारा माणूस मी एकटा. रविवारी दुपारी फुटपाथवरून पिशव्या घेऊन चालताना गाडीतली माणसं माझ्याकडे अशी बघायची, की याचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय!

माझा आधार म्हणजे बस नंबर २०४. व्हर्मांटवरून उत्तर-दक्षिण धावणारी, आणि गर्दीच्या बाबतीत आमच्या लोकलची लांबची बहीण शोभेल अशी. खिशात टोकनांची पिशवी असायची. एक टोकन पेटीत टाकायचं आणि "मागे सरका, मागे सरका" हे ड्रायव्हरच्या तोंडून इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत ऐकायचं. बसमध्ये मला पहिली गोष्ट जाणवली ती ही, की या शहरात जी माणसं सिनेमात दिसतात ती इथे एकही नाहीत. शिवणकाम करणाऱ्या बायका, हॉटेलातले भांडी घासणारे, म्हातारे कृष्णवर्णीय गृहस्थ, शाळेची पोरं आणि अधूनमधून आमच्यासारखे पाठीला सॅक लावलेले विद्यार्थी.

आणि आर्टेशिया? त्याचा तर सोहळा असायचा. विल्शर-व्हर्मांटला भुयारी रेड लाइन पकडायची, सेव्हन्थ स्ट्रीटला उतरून ब्लू लाइन घ्यायची, पुढे इम्पिरियलला ग्रीन लाइन, तिने शेवटच्या नॉरवॉक स्टेशनपर्यंत जायचं आणि तिथून बस. चार वाहनं, दोन तासांच्या वर वेळ, तेवढाच परत येताना. येताना हातात दहा किलो तांदूळ. डोंबिवलीहून पुण्याला जाऊन आलो असतो एवढ्या वेळात मी तूरडाळ आणत होतो.

अशाच एका फेरीत, ब्लू लाइनच्या खिडकीतून, वॉट्स नावाच्या भागात मला एक जुनं लाकडी, पिवळसर रंगाचं छोटेखानी स्टेशन दिसलं. आजूबाजूच्या सिमेंटशी त्याचा काही संबंध नव्हता. आपल्याकडच्या ब्रँच लाइनवर एखादं इंग्रजांच्या काळातलं स्टेशन असावं तसं. पुढच्या आठवड्यात लायब्ररीत बसून त्याचा पत्ता लावला. ते १९०४ सालचं होतं. म्हणजे मी ज्या ब्लू लाइनला १९९०ची नवीकोरी समजत होतो, ती शंभर वर्षं जुन्या वाटेवरून चालली होती.

इथून माझ्या डोक्यात किडा शिरला. प्रोजेक्टची डेडलाइन असताना मी जुन्या रेल्वेचे नकाशे बघत बसायचो.

गोष्ट सुरू होते हेन्री हंटिंग्टन या माणसापासून. याचे काका कॉलिस हंटिंग्टन म्हणजे सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वेचे एक धनी. १९०० साली काका वारले. पुतण्याने १९०१ साली लॉस एंजेलिसमध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिक नावाची कंपनी काढली. ४ जुलै १९०२ला लाँग बीचपर्यंतची लाइन सुरू झाली, १९०५ला सँटा अ‍ॅनापर्यंतची. या दुसऱ्या लाइनवर, गाईगुरांच्या आणि शेतांच्या मधोमध, एक थांबा होता आर्टेशिया. हो, तेच आमचं आर्टेशिया! शहराच्या मध्यभागी सहावा रस्ता आणि मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कंपनीची भली मोठी इमारत होती (आजही आहे). तिथे लाल गाडीत बसायचं आणि थेट आर्टेशियाला उतरायचं. एक गाडी. माझी चार वाहनं आठवा.

ऐन भरात असताना या लाल गाड्यांच्या रुळांची लांबी हजार मैलांच्या वर होती. शिवाय शहराच्या आत हंटिंग्टनच्याच दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्या ट्राम होत्या, त्या वेगळ्या.

आता मला शाळेपासून, म्हणजे सिनेमापासून, शिकवलेलं होतं की हे शहर असं अस्ताव्यस्त पसरलं ते मोटारींमुळे. नकाशे बघितल्यावर कळलं की ते उलटं आहे. शहर आधी पसरलं ते रेल्वेमुळे. हंटिंग्टनचा खरा धंदा तिकिटांचा नव्हता, जमिनीचा होता. ओसाड जागा स्वस्तात घ्यायची, तिथपर्यंत रूळ न्यायचे, मग प्लॉट पाडून विकायचे. रेल्वे तोट्यात गेली तरी प्लॉटमध्ये वसूल. त्याच्या नावाचं हंटिंग्टन बीच आजही आहे. १९०० साली या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर होती, १९३० साली ती बारा लाखांच्या वर गेली. एवढी माणसं मैलोन्‌मैल पसरून राहायला लागली ती लाल गाडीच्या भरवशावर. डोंबिवलीला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमचंही गाव लोकलनेच वाढवलं.

फरक एवढाच, की आमच्या लोकलमागे सरकार होतं. इथे प्लॉट विकून संपले आणि रेल्वे चालवण्यातला मालकाचा रस संपला. १९११ साली लाल गाड्या सदर्न पॅसिफिककडे गेल्या, हंटिंग्टनने पिवळ्या तेवढ्या ठेवल्या. नंतर लाल गाड्यांत फारशी नवी गुंतवणूक झाली नाही. गाव सोडलं की गाडी सुसाट, पण शहरात शिरली की त्याच रस्त्यावर मोटारी, त्याच रस्त्यावर ट्राम, आणि सगळे एकमेकांच्या वाटेत.

यावर शहराने १९२०च्या एप्रिलमध्ये एक धाडसी उपाय केला. शहराच्या मध्यभागी दिवसा गाडी उभी करायला बंदी! ट्राम मोकळ्या सुटल्या, पण दुकानदार हवालदिल झाले आणि मोटारवाले खवळले. क्लारा किंबल यंग नावाच्या सिनेनटीने मोटारींचा मोर्चा काढला. महिना व्हायच्या आत बंदी ढिली करावी लागली. कुणाला वाटेल की हा किस्सा मजेचा आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. रस्ता कुणाचा, हा प्रश्न तिथे विचारला गेला आणि त्याचं उत्तर मिळालं.

पुढे १९२६ साली मतदान झालं. रेल्वे कंपन्यांचा प्रस्ताव होता की रस्त्याच्या वरून उन्नत मार्गाने गाड्या न्याव्यात. लोकांना ते लोखंडी सांगाडे नको होते आणि रेल्वे कंपन्यांचा तर रागच होता (तो अनाठायी होता असं म्हणवत नाही). लोकांनी उन्नत मार्ग नाकारला आणि एका मोठ्या एकत्रित स्टेशनला कौल दिला. ते देखणं युनियन स्टेशन १९३९ला उघडलं. १९४०च्या डिसेंबरात अरोयो सेको पार्कवे हा पहिला जलदमार्ग उघडला. युद्धाच्या काळात पेट्रोलचं रेशनिंग असल्यामुळे लाल गाड्या पुन्हा खच्चून भरल्या. युद्ध संपलं आणि गर्दीही ओसरली. १९५०मध्ये आर्टेशियापर्यंतची गाडी बंद झाली. १९६१च्या एप्रिलमध्ये शेवटची लाल गाडी लाँग बीचच्या लाइनवर धावली. ३१ मार्च १९६३ला पिवळ्या ट्रामही थांबल्या.

ही शेवटची तारीख वाचून मी दचकलो होतो. मुंबईची शेवटची ट्राम धावली ती ३१ मार्च १९६४ला, बोरीबंदर ते दादर. बरोबर एक वर्षाचं अंतर! आमचे आजोबा दादर टी.टी. म्हणायचे तेव्हा मला लहानपणी ते कुणा पारशी गृहस्थाचं नाव वाटायचं. ते ट्राम टर्मिनस आहे हे फार उशिरा कळलं. पण मुंबईत ट्राम गेली तरी लोकल राहिली. आजोबांना ट्रामची आठवण यायची, तिच्यावाचून त्यांचं अडलं मात्र काही नाही. लॉस एंजेलिसचं तसं झालं नाही. ट्राम आणि लोकल दोन्ही एकदम गेल्या.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, "अरे, ते जनरल मोटर्सचं कारस्थान होतं!" मीही दोन वर्षं हेच सगळ्यांना ऐकवत फिरायचो. १९७४ साली सेनेटच्या समितीपुढे ब्रॅडफर्ड स्नेल नावाच्या वकिलाने ही मांडणी केली आणि १९८८च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या सिनेमाने ती घराघरांत नेली. त्यात तथ्य आहेच. नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या कंपनीत जनरल मोटर्स, टायरवाले आणि तेलवाले यांचे पैसे होते, आणि १९४९ला कोर्टाने त्यांना दोषी धरलं. कंपन्यांना दंड पाच हजार डॉलर आणि माणसांना एक-एक डॉलर! पण दोष कशाचा होता ते बघा. या बस कंपन्यांना आपलाच माल विकण्याची मक्तेदारी करण्याचा कट. वाहतूक व्यवस्थाच ताब्यात घेण्याच्या कटातून ते सुटले.

शिवाय त्या कंपनीने १९४५ला घेतल्या त्या पिवळ्या ट्राम. लाल गाड्या तिच्या कधीच नव्हत्या. लाल आणि पिवळ्या दोन्हींचा शेवट केला तो १९५८ पासून त्या चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, लोकांच्या फारशा तक्रारीशिवाय. आमच्या धंद्यात अशी चालती सिस्टिम बंद पडते तेव्हा सगळे एका खलनायकाचं नाव शोधतात. लॉग उघडून बघितले की कळतं, वीस वर्षं कुणी देखभालच केली नव्हती आणि बटण दाबणारा शेवटचा माणूस फक्त ड्युटीवर होता.

पण मग तिच्यावर अवलंबून असलेल्यांचं काय झालं? वॉट्सच्या त्या लाकडी स्टेशनाकडे परत जाऊ. लाँग बीचची लाइन वॉट्समधून जायची. १९६१ला ती बंद झाली. चार वर्षांनी, ऑगस्ट १९६५मध्ये वॉट्स पेटलं. कारण झालं एका कृष्णवर्णीय तरुणाच्या अटकेचं, पण साठलेलं खूप होतं: पोलिसांची वागणूक, बेकारी, घरं, शाळा. सहा दिवसांत ३४ माणसं गेली. १०३व्या रस्त्यावरची दुकानं जळून खाक झाली, आणि त्यांच्यात ते लाकडी स्टेशन मात्र तसंच उभं राहिलं. नंतर नेमलेल्या मॅकोन आयोगाने डिसेंबरात अहवाल दिला. त्यात शाळा आणि नोकऱ्यांबरोबर एक मुद्दा बसचाही आहे: अपुरी आणि महाग सार्वजनिक वाहतूक या वस्तीतल्या माणसांना अडकवून ठेवते, त्यांना कामापर्यंत पोचू देत नाही. मी असं म्हणणार नाही की रेल्वे गेली म्हणून दंगल झाली. पण गाडी नसलेला माणूस या शहरात कसा कोंडला जातो, हे सरकारी कागदावर १९६५लाच लिहून ठेवलेलं आहे. त्या वाटेवर पुन्हा गाडी धावायला १९९० साल उजाडलं. मध्ये २९ वर्षं.

२९ वर्षं म्हणजे किती, हे मला समजलं ते ऑक्टोबर २००३मध्ये.

१४ ऑक्टोबरला शहराच्या बस आणि रेल्वे बंद पडल्या. मेकॅनिक लोकांचा संप होता, आरोग्यविम्याच्या पैशांवरून. ड्रायव्हरांनीही त्यांना साथ दिली. संप ३५ दिवस चालला. रोजचे चार-पाच लाख प्रवासी रस्त्यावर आले. सँटा मोनिकासारख्या काही गावांच्या स्वतःच्या बस चालू होत्या, पण त्या आमच्या वाटेवर नव्हत्या.

मी चालायला लागलो. सकाळी तास, संध्याकाळी तास. खरं सांगू? मला मजा येत होती. घरी फोनवर आईला फुशारकीने सांगितलं. उशीर झाला की लॅबमध्ये झोपायचो, मित्रांकडे जेवायचो. नाहीतरी कुणी ना कुणी सीनियर गाडीने सोडायचाच.

२०४ नंबरच्या बसमध्ये एक बाई रोज माझ्याबरोबर असायच्या. पन्नाशीच्या, एल साल्वादोरच्या. मोडकं इंग्रजी त्यांचं आणि चार शब्दांचं स्पॅनिश माझं, असं आमचं बोलणं चालायचं. मला 'मिहो' म्हणायच्या, म्हणजे आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं. मी कॅम्पसला उतरायचो, त्या पुढे स्लॉसनला बस बदलून पूर्वेला कपडे शिवायच्या कारखान्यात जायच्या. संपाच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी त्या मला व्हर्मांटवर भेटल्या, चालत. पायात पांढरे बूट, हातात डब्याची पिशवी. मला वाटलं जवळच कुठे निघाल्यात. म्हणाल्या, कामावर. मनातल्या मनात हिशेब केला तर पंधरा किलोमीटर भरत होते. पहाटे साडेचारला निघाल्या होत्या म्हणे, पण मध्ये पाय दुखून बसल्या. परत येताना कुणाच्या तरी व्हॅनमध्ये पैसे देऊन जागा मिळायची. उशिरा पोचलं की तेवढ्या तासांचे पैसे कापले जायचे.

मी विचारलं, आणखी किती दिवस असं करणार? त्या हसल्या आणि मलाच विचारलं, "मिहो, तू गाडी कधी घेणार?" मी म्हटलं, नोकरी लागली की. त्यांनी मान डोलावली, जणू हे ठरलेलंच आहे. आपण कधी घेणार हे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. कॅम्पसच्या कोपऱ्यावर मी वळलो, त्या सरळ गेल्या.

१८ नोव्हेंबरला संप मिटला. बस सुरू झाली. त्या बाई पुन्हा कधी बसमध्ये दिसल्या नाहीत. काम सुटलं, का घर बदललं, का वेळ बदलली, मला कधीच कळलं नाही. नावसुद्धा विचारलं नव्हतं मी.

त्याच सुमारास पिवळे टी-शर्ट घातलेली काही मंडळी बसमध्ये चढून पत्रकं वाटायची. बस रायडर्स युनियन. यांनी १९९४ साली शहराच्या वाहतूक संस्थेवर खटला भरला होता. म्हणणं असं, की रेल्वेवर पैसा ओतता आणि गरिबांच्या बस मात्र कोंबून भरलेल्या ठेवता, हा भेदभाव आहे. १९९६ला तडजोड झाली आणि संस्थेला दहा वर्षं गर्दी कमी करायची, भाडं आवाक्यात ठेवायची हमी द्यावी लागली. मला रेल्वेचं वेड, त्यामुळे सुरुवातीला ही माणसं मला प्रगतीच्या आड येणारी वाटायची. संपानंतर मी ते पत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. लाल गाडीचा इतिहास मी नकाशावर शोधत होतो. त्या इतिहासाचं बिल कोण भरतंय, ते रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसून जात होतं.

२००५ला नोकरी लागली. तिसऱ्या हाताची कोरोला घेतली. पहिल्याच शनिवारी आर्टेशियाला गेलो, पाऊण तासात पोचलो. भाकरवडी खाल्ली आणि टोकनांची उरलेली पिशवी ड्रॉवरमध्ये टाकून दिली. त्यानंतर मी २०४मध्ये किती वेळा बसलो? एकदाही नाही. दोन वर्षं जे शहर मला पायाखाली दिसत होतं ते विंडशील्डच्या पलीकडे गेलं. विद्यार्थ्याचं असंच असतं. गाडी नसणं हा त्याचा एक सेमिस्टर असतो. म्हणूनच विद्यार्थी बसबद्दल कुरकुर करतो, पण बससाठी भांडत नाही. तोवर त्याची पदवी होते.

मधल्या काळात बरंच घडलं. कॅम्पसच्या दक्षिणेला एक्स्पोझिशन बुलेवार्डवर, व्हर्मांटच्या पश्चिमेला जुने गंजके रूळ दिसायचे. ती वाट १८७५ सालची, सँटा मोनिकाला जाणारी. तिथली प्रवासी गाडी १९५३ला बंद झाली होती. २८ एप्रिल २०१२ला त्याच वाटेवर एक्स्पो लाइन सुरू झाली आणि २०१६ला समुद्रापर्यंत पोचली. आता विद्यापीठाच्या दारात स्टेशन आहे. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, "काका, मग तेव्हा तुम्ही बीचवर कसे जायचात?" जायचो रे बाबांनो, पण दिवस मोडून.

आणि ती आर्टेशियाची मोकळी पट्टी? तिथूनही गाडी येणार आहे. साउथईस्ट गेटवे लाइन असं नाव २०२४च्या जानेवारीत ठरलं. स्लॉसनपासून आर्टेशियाच्या पायोनिअरपर्यंत साधारण २३ किलोमीटर, बराचसा भाग जुन्या लाल गाडीच्याच जमिनीवर. २०३५च्या सुमारास सुरू होईल असा अंदाज आहे. म्हणजे सगळं वेळेवर झालं तर आर्टेशियाच्या वाट्याला ८५ वर्षांची सुट्टी. स्लॉसन हे नाव वाचून मी क्षणभर थांबलो. त्या बाई बस बदलायच्या तो हाच रस्ता.

शनिवारी पार्किंग शेवटी मिळालं, बऱ्याच लांब. पिशव्या घेऊन पायोनिअरवरून चालत येताना बसथांब्यावर एक मुलगा उभा दिसला. पाठीला सॅक, दोन्ही हातांत तांदळाच्या पिशव्या, चेहऱ्यावर तोच वैताग. विचारलं तर आमच्याच विद्यापीठाचा, सांगलीचा निघाला. गाडीत बसवून घरापर्यंत सोडलं. वाटेत त्याने विचारलं, "सर, इथे गाडी घ्यायलाच लागते का?"

हो म्हणणं सोपं होतं. आमच्या सीनियरांनी मला तेच सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, घेशील रे, सगळेच घेतात. पण तोवर बसमध्ये शेजारी कोण बसतं त्याचं नाव विचारून ठेव.

तो "हो सर" म्हणाला. पोरगं भुकेलं होतं, म्हणून भाकरवडीचा एक पुडा त्याला दिला.